डोळे लाल झाले, एवढंच

एकाच खुराड्यातल्या मेलेल्या कोंबड्या दोघींनी उचलल्या, तरी बर्ड फ्लू एकीच्या डोळ्यांच्या लालीवर थांबू शकतो आणि दुसरीला व्हेंटिलेटरवर नेऊ शकतो. असं का, सांगता येईल तुम्हाला? दत्ताकाका भेटेल त्याला हे विचारत. माझ्या वडिलांचे हे मित्र रोह्याला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते, निवृत्तीनंतर पेणला राहिले. गेल्या महिन्यात झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. वडिलांचा फोन आला, आणि मला काय आठवावं... तर एका म्हातारीचे डोळे.

वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरात पत्रकं भाकरीइतक्या नेमाने निघत. रोहा तालुक्यातल्या खांब गावाजवळच्या एका गावात कोंबड्या मरू लागल्या तेव्हा मीही एक पत्रक काढलं. ‘बर्ड फ्लू म्हणजे मरण! प्रशासन झोपलंय!’ घरोघर वाटलं. तिसऱ्या दिवशी काकांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि त्याच गावात नेलं. कोंबडी मान टाकतेय असं दिसलं की ती मरायच्या आत कापायची, ही तिथली रीत. पार्वतीआजीने तशा तीन कापून सोलल्या होत्या. तिचे डोळे लालबुंद.

“गो आजी, डॉक्टरला दाखवलंस?” काकांनी विचारलं.

“कशाला? कागदात लिवलंय ना, झाला की मानूस मरतो. मी मेली का? म्हंजे मना तो नाय.” मग माझ्याकडे बघून, “व्हय रं, तूच ना तो कागदवाला? जेवलास का?”

काकांनी तिला रिक्षात घालून रोह्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं, तिने कोंबड्या सोलल्याचं डॉक्टरांना सांगायला लावलं. घशाचा, डोळ्यांचा नमुना गेला. चार दिवस मी जेवलो नाही धड. तपासणीत बर्ड फ्लू निघाला नाही.

“सुटलास,” काका म्हणाले. आम्ही कोलाडला मिसळ खात होतो. “पण निघाला असता तर? विषाणूचे प्रकार वेगळे. अंगात किती गेला, डोळ्यात राहिला की फुप्फुसात खोल उतरला, वय काय, औषध कधी मिळालं... लहानपणी कोणता फ्लू होऊन गेला, त्याचाही हात असावा म्हणतात. कधी शरीरच भांडताना स्वतःचं घर जाळून घेतं.”

“मग नक्की कारण कोणतं?”

“ते कळलं असतं तर तुझ्याबरोबर मिसळ खात बसलो असतो का? अरे, ज्यांचं थोडक्यावर निभावतं ते दवाखान्यात येतच नाहीत. आपल्याला दिसतात ते आडवे झालेले. आणि तू उरलेल्यांनाही घरी बसवलंस.”

प्रशासनावरचा माझा राग अजून तसाच आहे. पण भीती घालून लोकांना जागं करता येतं, हा समज त्या दिवशी गेला. काकांची एक सवय मात्र माझ्यात उतरली. कोणी आजारी म्हटलं की ‘काय होतंय’च्या आधी विचारतो, ‘या आठवड्यात हातांनी काय काय केलंस?’

तुम्हाला हे कोणी विचारेलच असं नाही. म्हणून एक करा. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लागला असेल आणि नंतर डोळे नुसते चुरचुरले, तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत ते सांगा.