तीन महिन्यांचा पास

रायपूर स्टेशनच्या पासच्या खिडकीवर मी लागोपाठ पाच महिने "एक महीने का" असं म्हणाले. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. ते कळायला माझे बाबा माहीत असायला हवेत.

बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, आणि नोकरीची शेवटची बरीच वर्षं ते याच खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. आमचं घर गुढियारीत, रुळांच्या पलीकडे. पूल ओलांडला की स्टेशन, त्यामुळे बाबा ड्युटीवरून चालत यायचे आणि जेवताना खिडकीवरच्या गोष्टी सांगायचे. माणूस कोणता पास मागतो त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते कळतं, हा त्यांचा लाडका सिद्धांत.

"तीन महिन्याचा काढते त्याचं मन बसलेलं असते," ते म्हणत. "महिन्याचा काढणाऱ्याचं एक पाऊल दाराबाहेर. कोणाची बदली होऊन राहिली, कोण्या पोट्टीचं लग्न ठरून राहिलं, नाही तं घरी कोणी खाटेवर आहे."

आई हसायची. "मग पुसता का तुम्ही त्याले?"

यावर बाबा एकदम गंभीर होत. "खिडकीवाल्यानं पुसू नये. जो मागितला तो पास द्याचा."

आई गेली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. मी सरकारी नोकरीत लागले, लग्न काही जमलं नाही, आणि न जमल्याचं दुःख मला झालं त्याहून जास्त नातेवाइकांना झालं.

मग नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं, जुन्या पाट्यांवर घाईघाईने नवा रंग चढला, आणि आमच्या खात्याचे दोन तुकडे झाले. साहेब रायपूरला, फायली बिलासपूरला. माझी नेमणूक बिलासपूरला झाली, पण बैठक असली की रायपूर. आठवड्यात कधी तीन दिवस बिलासपूर, कधी पाच, आणि कोणते ते आदल्या संध्याकाळपर्यंत साहेबांनाही ठाऊक नसे. नव्या राजधानीत सगळंच असं चाललं होतं, त्यामुळे तक्रार करायला तरी कोणाकडे जायचं!

त्याच सुमारास बाबांच्या हृदयाने हात टेकले. दहा दिवस दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं, घरी न्या, दोन-तीन महिने समजा, जपा. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. दिवसा त्यांच्याजवळ थांबायला आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एक बाई ठेवली आणि मी कामावर रुजू झाले.

आता मुद्द्याचं सांगते, कारण टाळत राहिले तर राहूनच जाईल. रुजू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी बिलासपूरला एक खोली पाहिली. गच्चीवरची, एकटी, खिडकीशी मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. घरमालकीण निवृत्त शिक्षिका होत्या. मी सदतीस वर्षांची होते आणि एक रात्रही माझ्या स्वतःच्या खोलीत झोपले नव्हते. मी म्हणाले, घरी अडचण आहे, दोन-तीन महिन्यांत मोकळी होईन. "मोकळी" हाच शब्द मी वापरला. त्या म्हणाल्या, थांबते. येताना मी खिडकीचं माप घेतलं आणि पडद्याचं कापड विकत आणून कपाटात साड्यांखाली ठेवलं.

बाबांना मात्र माझ्या अप-डाउनने जणू नोकरी परत मिळाली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी कॅलेंडर मागवलं, सुट्ट्यांवर पेन्सिलीने काट मारली, रायपूरच्या बैठकांचा अंदाज धरला. रोजचं तिकीट, महिन्याचा पास, तीन महिन्यांचा पास, सुपरफास्टचा अधिभार लावून आणि न लावता. दोन दिवस ते हेच करत होते. श्वास लागला की थांबायचे आणि पुन्हा सुरू.

"हे पाह्य," शेवटी ते म्हणाले. "जाणं कमी-जास्त झालं तरी पासच परवडते. आन् तीन महिन्याचाच काढ. सस्ता पडते, अन् दर महिन्याले लाइनीत उभं राहणं नाही. सुपरफास्टचा अधिभार लावून घे, संध्याकाळी लोकल चुकली तं अडकून पडशील."

हिशोब अगदी बरोबर होता. मी हो म्हणाले, खिडकीशी गेले, फॉर्म सरकवला आणि म्हणाले, "एक महीने का."

आतला क्लार्क बाबांच्या हाताखाली शिकलेला. त्याने वर पाहिलं, "बाबूजी कैसे हैं, दीदी?" एवढं विचारलं आणि पास लिहून दिला.

घरी बाबांनी हात पुढे केला. प्रत्येक पास ते एकाच क्रमाने तपासायचे: नाव, वय, स्टेशनं, ओळखपत्राचा नंबर, तारीख, शिक्का. त्यांचं बोट तारखेवर आलं आणि तिथे थोडं थांबलं. मी लगेच सुरू झाले, "साहेबांचं काही खरं नाही बाबा, पुढच्या महिन्यात कायमचं रायपूरलाच बोलावतील असं म्हणून राहिले सगळे, म्हणून म्हटलं..." चोराच्या मनात चांदणं. त्यांनी विचारलं कुठे होतं?

"अक्षर सुधारलं पोट्ट्याचं," बाबा म्हणाले आणि पास परत दिला.

दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यातही तेच. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपली आणि बाबा हळूहळू उठून बसू लागले. भिंतीला धरून अंगणापर्यंत जाऊ लागले. बाई खुशीत सांगायची, "आज दू रोटी खाइस बाबूजी ह!" आणि मी चप्पल काढता काढता "बरं" म्हणायचे. मला आनंद झाला नव्हता असं नाही. पण आनंदाच्या आधी दुसरं काहीतरी मनात येऊन जायचं, आणि ते काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

चौथ्या महिन्यात घरमालकिणीने ती खोली एका नर्सला दिली. किती थांबणार त्या? त्या दिवशी मी लोकलमध्ये तिल्द्यापासून रायपूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. घरी आले तर बाबांनी ताटात अर्धी खिचडी ठेवलेली. मी म्हणाले, "खायची नसेल तर आधी सांगत जा. मी काय नुसतं तुमच्यासाठी पळतच राहू का? माझं काही आहे की नाही?"

बाबांनी ताट पुन्हा ओढलं आणि गार झालेली खिचडी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. हात धुतल्यावर म्हणाले, "चांगली झाली होती." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. आजही खिचडी गार झाली की मला ती खाववत नाही.

पाचव्या महिन्यातही मी एकाच महिन्याचा काढला. आता खोली नव्हती, तरीही. दुसरी मिळेल, या आशेवर. ही आशा कशावर उभी होती ते मी स्वतःला स्पष्ट कधी विचारलं नाही, आणि बाबांनी तर विचारायचंच नव्हतं.

तो पास संपायला चार दिवस होते तेव्हा मला रायपूरला बैठक होती. गाडीचं काम नव्हतं, म्हणून पास आणि ओळखपत्र घरीच राहिलं. संध्याकाळी आले तर दारात बाबांचे जुने बूट, धुळीने भरलेले. बाई घाबरून उभी.

"बाबूजी जिद करिन, दीदी. मैं का करतेंव? ऑटो करके टेसन गेन. लाइन में सब झन आगू कर दिन."

बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते, चेहरा राखेसारखा. माझ्या टेबलावर नवा पास होता. तीन महिन्यांचा, सुपरफास्टचा अधिभार लावलेला.

मी भडकले. भीती वाटली की मी भडकते, तो माझा स्वभावच आहे. "या तब्येतीत कोणी स्टेशनवर जातं का? काही झालं असतं म्हणजे? मी काढणारच होते ना!"

"तू काढला नसता," बाबा म्हणाले. डोळे उघडले नाहीत.

मी काहीतरी बोलायला गेले. साहेब, बैठका, बदली. त्यांनी हात वर केला.

"मी पुसलं का तुले? पाच महिन्यात एकदा तरी पुसलं?"

"नाही."

"मग सांगू नको." थोडा दम खाऊन ते म्हणाले, "डॉक्टरच्या तोंडावरून मलेही समजते. तीस वर्षं तोंडंच पाहिली. पण आता मी तीन महिने कुठी जात नाही. तू आपली निश्चिंत जा-ये कर. दर महिन्याले जीव टांगून नको ठेवू, तुह्याही अन् माह्याही."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. पाच महिने मी दर महिन्याला त्यांच्या हातात तो कागद ठेवत होते, आणि ते दर महिन्याला नाव, वय, स्टेशनं वाचून तारखेपाशी थांबत होते. त्यात काय लिहिलंय ते त्यांच्याइतकं चांगलं रायपुरात दुसऱ्या कोणाला वाचता आलं असतं? मला तोंड लपवायला जागा नव्हती. दोनच खोल्यांचं घर. मी त्यांचे पाय दाबत बसले, कारण पायाशी बसलं की चेहरा दिसत नाही.

पुढचे तीन महिने मात्र चांगले गेले, हे कबूल केलं पाहिजे. रोज आल्यावर मी त्यांना दिवसाचा अहवाल द्यायची. लोकल भाटापाऱ्याला किती थांबली, कोणत्या मालगाडीसाठी थांबवली, टीसी कुठे चढला. बाबा ऐकून निकाल द्यायचे, "सिग्नलचा काही दोष नाही, कंट्रोलवाला झोपला असंल." पडद्याचं कापड मी कपाटातून काढलं आणि त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीला शिवून लावलं. चार बोटं आखूड पडलं. कुठल्या मापाचं ते कापड होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

पास संपत आला तेव्हा ते पुन्हा दवाखान्यात जाऊन आले होते. आता पाणीसुद्धा चमच्याने. तरी मी खिडकीशी उभी राहिले आणि मुद्दाम मोठ्याने, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीन महीने का." क्लार्कने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मग पास लिहिला. पूल उतरताना मला वाटत होतं, मी काहीतरी फेडलं. कधी एकदा बाबांच्या हातात पास ठेवते असं झालं होतं.

त्यांना हात पुढे करता येईना. मीच चष्मा लावून दिला, पास डोळ्यांसमोर धरला. त्यांची नजर एकेका ओळीवरून सरकली. नाव. वय. स्टेशनं. नंबर. तारखेपाशी थांबली.

"चुकली तू, पोट्टे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मी कान त्यांच्या ओठांशी नेला. "या बारीले महिन्याचा पुरला असता."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाबांना टोमणा मारताच यायचा नाही. समोरच्या माणसाला कोणता पास योग्य, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. त्या पासच्या अकराव्या दिवशी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तो पास वापरला. बिलासपूरला आता हव्या तेवढ्या खोल्या मिळत होत्या, ऑफिसातल्या बायका रोज एक पत्ता आणून द्यायच्या. मी मान हलवायची आणि संध्याकाळी पुन्हा लोकल पकडून रिकाम्या घराचं कुलूप उघडायची. शेवटच्या तारखेपर्यंत, एकदाही न चुकता.

मग पास संपला आणि मी खिडकीशी गेले. फॉर्म सरकवला. क्लार्कने नाव लिहिलं, वय लिहिलं, स्टेशनं लिहिली, आणि मान वर न करता विचारलं, "एक का, कि तीन का, दीदी?"

मागे रांग थांबली होती. कोणता पास योग्य, ते सांगणारे बाबा आता नव्हते.