हितंबी आमदार मीच

"आमदारबाई, तेवढा कप विसळून ठेवा."

केसांत अजून गुलाल होता माझ्या. निकाल नुकताच लागला होता. साहेबांच्या बंगल्यावर पाया पडायला गेले होते. कारखान्याचे चेअरमन ते, सारा तालुका त्यांच्या शब्दावर चाले. सोफ्यावर कार्यकर्ते बसलेले. मला पायरी दाखवली. चहा आला. त्यांना कपबशीतून, मला दांडी तुटलेल्या कपातून. पिऊन झाला तशी वहिनीसाहेबांनी अंगणातल्या नळाकडं बोट केलं.

मी विसळला. पालथा घातला. बाहेर हलगी वाजत होती. माझ्या नावाची.

मतदारसंघ राखीव. साहेबांना स्वतः उभं राहता येईना. त्यांना गप्प बसणारं माणूस हवं होतं. मी बौद्धवाड्यातली अंगणवाडीची बाई. नवरा वारलेला. मान खाली. त्यांच्या मापात बरोबर बसले. मुंबईत सभागृहात मला सन्माननीय सदस्या म्हणत. सांगलीला उतरले की साहेबांचा माणूस सांगे, "बाई, मागच्या गाडीत." बसायची मी.

एकच गोष्ट हट्टानं करून घेतली. आमच्या वस्तीची मढी ओढ्याकाठी जळायची. पावसात सरण विझायचं. अर्धं जळलेलं माणूस पाण्यात जायचं. गावाचं स्मशान उंचावर. तिथं आमदार निधीतून शेड बांधली. सगळ्यांसाठी. उद्घाटनाला साहेब म्हणाले, "बाईंनी गावाचं भलं केलं." टाळ्या झाल्या.

मग श्रावणात आबा गेले. माझे वडील. तरुणपणी गावाची मेलेली जनावरं ओढली त्यांनी.

ओढा दुथडी भरलेला. आम्ही तिरडी शेडकडं नेली. फाटकाला कुलूप. पुढं गावातली माणसं आडवी उभी. साहेबांची गाडी आली. काच अर्धी खाली झाली.

"बाई, गावची रीत मोडू नगा. आमदार तुमी मुंबईत. हितं तुमी कोण, ते ठावं हाय न्हवं?"

पाऊस आबांच्या तोंडावर पडत होता. खांदा देणारा भाऊ पुटपुटला, "आक्का, चल माघारी. ओढ्याकडंच बघू."

पाण्यात सोडायचं म्हणत होता. आबांना.

मी त्याच्या खांद्यावरचा बांबू माझ्या खांद्यावर घेतला. आमच्यात बाई खांदा देत नाही. दिला.

"साहेब, हितंबी आमदार मीच हाय. कुलूप काढा, न्हाईतर फोडते."

काच वर गेली. तेव्हा वस्तीतल्या बाया आडव्या माणसांतनं घुसून फाटकापाशी गेल्या. शेजारच्या हौसामावशीनं दगड उचलला. कुलूप तुटेस्तोवर हाणत राहिली. आबा शेडखाली जळले. पुरते.

दुसऱ्या दिवशी गावानं शेड गोमूत्रानं धुतली. मी बांधलेली शेड. मी ठाण्यात गेले. ॲट्रॉसिटीची फिर्याद, साहेबांच्या नावानिशी. फौजदार म्हणाला, "मॅडम, जरा विचार करा."

म्हटलं, "लय केला. लिहा आता."

तिकीट कापलं. अपक्ष उभी राहिले, पडले. साक्षीदार फुटले, त्यांची पोरं कारखान्यात चिकटली. भाऊ बोलायचा बंद झाला. त्याच्या रानाला पाणी साहेबांच्या पाइपातनं येतं. हौसामावशी तेवढी हलली नाही.

आता मला माजी म्हणतात. तरी पलूसकडून, माणमधून फोन येतात. कुठं मढं अडवलंय, कुठं वरात. एसटीनं जाते. माणसांच्या पुढं उभी राहते. कधी वाट मिळते. कधी दगड मिळतात.

परवा साहेबांचा मुलगा आला. निवडणूक तोंडावर आहे. त्या घरातलं माणूस पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत. हात जोडले.

"काकी, आमच्या दादांचं वय झालंय. ती केस मिटवू. तिकीट तुमचंच."

"दादांना म्हणावं, तारखेला या. कोर्टात पुकारा झाला की उभं राहावं लागतं. सगळ्यांनाच."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "एकट्या पडाल."

पडलेच आहे. साक्षीदार गेले, भाऊ गेला. माझी साक्ष अजून बाकी आहे. ती मी देणार.