पोळ्याच्या दिवशी कानो ते जोस

नागपूरहून कोणी नायजेरियात येणार असलं की आम्ही पापड, हळद आणि मराठी मासिकं मागवायचो. सासूबाईंनी यातलं काहीच आणलं नाही. कानोच्या विमानतळावर त्या उतरल्या त्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लाकडी बैल घेऊन. गुडघ्याएवढा, पायाखाली चाकं, पुढे ओढायला सुतळी. नागपूरच्या महाल भागातल्या एका सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतलेला.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. त्या काळात तिकडच्या शाळांना मास्तर हवे होते आणि आमच्या घरातली दोन जोडपी एकदमच निघून गेली होती. मी गणिताची, नवरा रसायनशास्त्राचा, आम्ही कानोला. नणंद आणि तिचे यजमान चारशे किलोमीटरवर, पठारावरच्या जोस शहरात. बैल होता नणंदेच्या तीन वर्षांच्या लेकीसाठी. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं असे बैल सजवून घरोघर फिरवतात. आपल्या नातीनं अजून एकही बैल ओढला नाही, हे सासूबाईंच्या जिवाला लागलं होतं.

"माय, तो सण पोट्ट्यांचा असते," नवऱ्यानं म्हणून पाहिलं.

"काहून? पोट्टीले हात नाहीत का?"

विषय संपला. पोळ्याच्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

नवऱ्यानं प्रवासाचं वेळापत्रक कागदावर काढलं होतं. साडेसहाला प्रस्थान, साडेबाराला आगमन, एकला भोजन. रसायनशास्त्राच्या माणसाला वाटतं, दोन वस्तू एकत्र आणल्या की ठरलेलं तेच होणार. तिथली भाड्याची गाडी म्हणजे लांबडी स्टेशन वॅगन. ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही पहाटे जाऊन बसलो तेव्हा तिच्यात आम्ही तिघं आणि बैल. साडेनऊला नववा उतारू मिळाला, तोवर नवऱ्यानं कागदावर चार वेळा खाडाखोड केली होती.

निघताना ड्रायव्हरनं बैल टपावर बांधायला घेतला. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

"बैल टपावर अन् मी आत? आज पोळा हाय. त्याच्याऐवजी याले बांध वरते." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाकडे बोट दाखवलं.

ड्रायव्हरला शब्द कळले नाहीत, बोट मात्र कळलं. तो इतका हसला की बैल आत आला.

मागच्या ओळीत आम्ही चौघं: मी, नवरा, मांडीवर बैल घेतलेल्या सासूबाई आणि त्यांच्या शेजारी तामचिनीच्या पराती विकणारी, तिकडच्या हौसा जमातीची एक धिप्पाड बाई. तिला थोडं इंग्रजी येत होतं. सासूबाईंना अजिबात नाही, म्हणून त्या तिच्याशी सरळ नागपुरीत बोलू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी बटव्यातून सुपारी काढून दिली. तिनं पदराच्या गाठीतून कोलाची बी काढून दिली. सासूबाईंनी ती चावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "कडू जहर हाय. पण सुपारीच्याच खानदानातली दिसते." मग दोघी तासभर चावत राहिल्या. माझा डावा पाय त्या दाटीत केव्हाच मेला होता.

वाटेत खिळ्यांची फळी आडवी टाकून पोलिसांनी गाडी थांबवली. एका शिपायानं काचेतून आत पाहिलं आणि लुगड्यातून निघालेली शिंगं त्याला दिसली.

"हे काय आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"ही एक सांस्कृतिक वस्तू आहे," नवरा म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं पुढे बैलाचं धार्मिक महत्त्व समजावायला सुरुवात केली. शिपाई दोन पावलं मागे सरला. हे करणी-बिरणीचं प्रकरण तर नाही ना, असं त्यानं त्या परातवाल्या बाईला विचारलं. आम्हाला सगळ्यांना खाली उतरवलं. भुरभुर पाऊस होता. नवरा तिसऱ्यांदा समजावून सांगायला लागला तेव्हा सासूबाईंनी त्याला बाजूला सारलं, बैल डांबरी रस्त्यावर ठेवला आणि सुतळी धरून चालू लागल्या. चाकं खडखड वाजली. शिपाई बघत राहिला. मग त्यानं हात पुढे केला, सुतळी घेतली आणि झाडाखाली बसलेल्या आपल्या साहेबापर्यंत बैल ओढत नेला. साहेबानंही उठून एक चक्कर मारली. अशा रीतीनं त्या वर्षीचा तान्हा पोळा एक दिवस आधी आणि पोलीस बंदोबस्तात साजरा झाला.

तिथून तासाभरात मागचं चाक बसलं. दुसरं चाक होतं, पण तेही आधीच फुटलेलं. ड्रायव्हरनं दोन्ही चाकं एका लॉरीवर टाकली, स्वतः वर चढला आणि "साई हंकुरी" म्हणून निघून गेला. धीर धरा, एवढाच त्याचा अर्थ. हौसा भाषेत माणसं हे दिवसातून पन्नास वेळा म्हणतात आणि गंमत म्हणजे धरतातही.

आजूबाजूला ज्वारीच ज्वारी. दोन पुरुष उंच. सासूबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उतरून कणसं हातात घेऊन बघून आल्या. त्यांचं माहेर नागपूरजवळच्या खाप्याकडचं, शेतीचं. "कोणी मले सांगतलं असतं का परदेशात ज्वारीच पाहाले लागते, तर मी खाप्यालेच गेली असती," म्हणाल्या. पण खूश होत्या.

डोक्यावर भोपळ्याची मोठी तुंबडी घेऊन गुरं राखणाऱ्या फुलानी जमातीतली एक बाई आली. तिच्याकडे ताकात कालवलेले बाजरीचे गोळे होते. सासूबाईंनी दोन वाडगे प्यायले, मी एक.

"अमीबा!" नवरा ओरडला. त्यानं फक्त घरून आणलेलं उकळलेलं, गाळलेलं पाणी प्यायलं आणि घरचीच उकडलेली अंडी खाल्ली. अर्ध्या तासात त्याचा चेहरा पांढरा पडला. तो ती पाण्याची बाटली घेऊन ज्वारीत शिरला. वीस मिनिटं उकळलेलं, दोनदा गाळलेलं ते पाणी शेवटी त्या कामी आलं.

तो आत असतानाच गुरं आली. शे-दीडशे पांढरी गुरं, हातभर लांब शिंगांची. पायवाट त्या शेतातूनच होती. ज्वारी हलायला लागली, आतून नवऱ्याचा आवाज आला, "हट्! हट्!" तो बाहेर आला तेव्हा पायजम्याची नाडी हातात होती आणि मागे एक वळू शांतपणे त्याच्याकडे बघत उभा होता. परातवाली बाई तोंडाला पदर लावून हसली. मी लावायचे कष्टही घेतले नाहीत.

सासूबाईंचं लक्ष मात्र वळूकडे होतं. बटव्यातून कुंकवाची डबी काढून त्या सरळ त्याच्याकडे निघाल्या.

"माय, थांब! मारंल तो!"

"आज पोळा हाय अन् बैल चालत समोर आला. आता का घरी जाऊ हळद आणाले?"

गुराखी गवती टोपी घातलेला, पन्नाशीचा. खांद्यावरची काठी त्यानं खाली घेतली. सासूबाईंनी त्याला डबी दाखवली, मग स्वतःचं कपाळ, मग बैलाचं. त्यानं जरा विचार केला आणि वळूचं शिंग धरून त्याचं डोकं खाली वाकवलं. त्यांनी कुंकू लावलं, हात जोडले आणि राहिलेलं एक अंडं गुराख्याला दिलं. बैलाला द्यायला पुरणपोळी नव्हती, ते त्यांना फार लागलं. गुराख्यानं आमचा लाकडी बैल उचलून पाहिला आणि परातवालीला काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, जनावर चांगलं आहे," तिनं सांगितलं, "पण शिंगं आखूड आहेत. तुम्हाला फसवलं."

ड्रायव्हर चार वाजता आला. जोस आलं तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पठारावरची थंडी हाडात शिरत होती. नणंद फाटकापर्यंत धावत आली. तिची लेक बैल बघून घाबरली, आजीला बघून त्याहून घाबरली आणि आईच्या साडीत तोंड खुपसून बसली. सासूबाई आतल्या खोलीत जाऊन खाटेवर टेकल्या.

मी गरम पाणी घेऊन गेले. त्यांचे पाय घोट्यापर्यंत सुजले होते, चपलेचे पट्टे कातडीत रुतले होते. मी पट्टे सोडवायला बसले.

"दुखलं तर सांगा, आई."

"सकाळपासून दुखून राहिलं वं."

"मग बोलला का नाहीत?"

"मले वाटलं, आपण पोचतच नाही." त्या छताकडे बघत होत्या. "त्या शेतात बसलो तवा मनात आलं, इथं काही झालं तर नागपुरात कोणाले समजन तरी का? माह्या पोराचं तोंड तर असं झालं होतं. मी भ्याली असती तर तो रडलाच असता."

दिवसभर मी त्यांच्याकडे बघून निश्चिंत होते. मी त्यांचे पाय पाण्यात सोडले आणि घोट्यांवरून हात फिरवत राहिले. दारात पडदा हलला. नात तिथं उभी होती, एक डोळा पडद्याबाहेर. सासूबाईंनी तिला पाहिलं, पण हाक मारली नाही. नुसते पाण्यातले अंगठे हलवून दाखवले.