आमच्या माडीवरचे गव्हर्नर

दोन माणसं एकत्र उभी दिसली की निकोलाय भाषण सुरू करायचा. होसकोट्याच्या कारखान्यात रशियन यंत्रं बसवायला आलेला हा इंजिनिअर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरात आमच्या माडीवर भाड्यानं राहत होता. गल्ली त्याला ‘रशियन अण्णा’ म्हणे. मराठी तो माझ्या आईकडून शिकला, आणि आमच्या घरची मराठी निम्मी कन्नड. “अक्का, स्वल्प भात वाढ,” हे त्याचं शुद्ध मराठी.

पाण्याचा टँकर आला की गल्लीत भांडणं जुंपत. एकदा निकोलाय टँकरवर चढून लोकशाहीबद्दल बोलू लागला. खालून घागर घेतलेली आई ओरडली, “भाषण नंतर, आधी नळ सोड!” त्यानं सोडला. टाळ्या पडल्या. “आज राजकारण समजलं,” जेवताना तो गंभीरपणे म्हणाला.

तो मायदेशी परतला. काही वर्षांनी फोन आला: त्याच्या गारठलेल्या प्रांतात तो गव्हर्नरपदाला उभा होता.

“काय बोलू, अक्का?”

“लोकांना काय हवंय?”

“ऊब. हिवाळ्यात घरं तापवणारे पाइप गार पडतात.”

“मग तेवढंच बोल.”

तो निवडून आला. आईनं गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. गव्हर्नर तुमचे कोण, असं कुणी विचारलं की म्हणायची, “भाडेकरू.”

पुढे शिष्टमंडळ घेऊन तो बंगळुरात आला आणि हॉटेलातून निसटून थेट आमच्याकडे जेवायला. दोन धिप्पाड अंगरक्षक कसेबसे मांडी घालून बसले. निकोलाय आता “समिती नेमली आहे” असलं बोलू लागला होता.

“पाइप गरम झाले का?” आईनं विचारलं.

“अर्ध्या प्रांतात. मॉस्को ऐकत नाही.”

“हे लोकांना सांगितलंस?”

त्यानं मान खाली घातली.

“सांग.”

परत जाऊन त्यानं टीव्हीवर सांगून टाकलं की, उरलेल्या अर्ध्या प्रांताला यंदाही ऊब मिळणार नाही. पुढच्या निवडणुकीत त्या अर्ध्या प्रांतानं त्याला पाडलं. आईचं जेवणावरून मन उडालं. “माझ्यामुळे गेली बिचाऱ्याची खुर्ची,” म्हणायची. त्याचा फोन आला तेव्हा ती घ्यायलाच तयार होईना. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

पलीकडे निकोलाय खिदळत होता. “अक्का, परत निवडून आलो! आमच्या इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष. बॉयलर मीच दुरुस्त करतो.”

“विरोधात कोण होतं?”

“माझी बायको. एकच मत पडलं तिला. मी दिलेलं.”

आईनं विचारलं, “म्हणजे तिनं तुला दिलं?”

पलीकडे त्यानं रिसीव्हर बाजूला ठेवून बायकोला हाक मारली. अख्ख्या कारकिर्दीत पहिल्यांदाच तो भाषण न करता उठला होता.