एक वाक्य सोडून

नाना गेल्याची बातमी मला जळगावच्या एका छापखान्यात मिळाली. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांसाठी आम्ही पत्रक काढत होतो. मी प्रूफ बघत उभी होते आणि आमच्या बॅचच्या ग्रुपवर एक ओळ आली, ‘आपले केमिस्ट्रीचे नाना गेले.’ खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग. मी मशीन थांबवायला सांगितलं. छापखानेवाले भाऊ म्हणाले, “काय ताई, चूक सापडली का?” मी हो म्हटलं. त्यांना वाटलं, याच पत्रकातली. ती चूक सहा वर्षांपूर्वीच्या पत्रकातली होती, मीच लिहिलेल्या. आणि तिच्यासाठी ज्याची माफी मागायची, तो माणूस आता नव्हता...

महिना उलटून गेला. कॉलेजच्या फाटकावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता, तो आता उन्हाने फिका पडलाय. त्यावर नानांच्या फोटोखाली ‘माजी शिपाई’ असं लिहिलं होतं. नाना शिपाई नव्हते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. एवढं तरी नीट लिहायचं होतं! पण दुसऱ्यांच्या चुका काढण्याआधी मला स्वतःचं सांगायला हवं.

आमचं कॉलेज जळगाव-धुळे रस्त्यावर, दोन्ही शहरांपासून सारख्याच गैरसोयीच्या अंतरावर आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ते सुरू झालं, म्हणून पंचक्रोशीत त्याला ‘गोडाऊन कॉलेज’ म्हणतात. उन्हाळ्यात पंखे जोरात लावले की छताच्या कैच्यांत अडकलेला जुना कापूस अजूनही बाकांवर उतरतो. मला तिथं जायचं नव्हतं. बारावीला माझ्या भावापेक्षा मला जास्त मार्क होते. तो जळगावच्या मोठ्या कॉलेजात, होस्टेलवर गेला आणि मला वडील म्हणाले, “तू घरथून ये-जा कर. पोरीच्या जातीले आठेच बरं शे.” वाद घातला, जेवण सोडलं, काही उपयोग झाला नाही. मग लग्नाकार्यात कुणी विचारलं, कोणत्या कॉलेजला गं, की मी बेधडक सांगायचे, जळगावला. तीन वर्षं सांगितलं. लाज वाटायची, खोटं बोलण्याची नाही, कॉलेजची.

पहिल्या प्रॅक्टिकलला सर नव्हते. केमिस्ट्रीची दोन पदं रिकामी होती आणि तासिकेवरचे एक सर आठवड्यातून दोन दिवस धुळ्याहून यायचे, तेही बस मिळाली तर. आम्ही सोळा जणी ॲप्रन घालून उभ्या. बेसिनजवळ एक बुटके, टोपी घातलेले गृहस्थ परीक्षानळ्या विसळत होते. मी तारेच्या टोकावर क्षार घेऊन ज्योतीत धरला, रंग आला न आला, आणि वहीत काहीतरी ठोकून दिलं. ते गृहस्थ हात पुसत माझ्या टेबलाशी आले. “पोरी, माले काय समजत नही बरं. पन हाऊ रंग हिरवा व्हता का पिवळा?” मी म्हटलं, पिवळा. “आसं? मंग तू तार धुयेल व्हती का पहिले?” धुतली नव्हती. “मी आपला इचारस,” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी तार धुतली, पुन्हा धरली. स्वच्छ हिरवा.

हे असंच तीन वर्षं चाललं. नाना कधीही काही सांगायचे नाहीत, फक्त विचारायचे. आधी वाटलं, म्हाताऱ्याला खरंच कळत नसेल. मग कारण कळलं. फार पूर्वी एका प्राचार्यांनी त्यांना लेखी ताकीद दिली होती, ‘परिचराने शिकवण्याचे काम करू नये.’ शिकवायला माणूस द्यायचा नाही आणि जो शिकवतो त्याला नोटीस द्यायची, ही आपली व्यवस्था! दुसरा कुणी असता तर बेसिनशी बसून राहिला असता. नानांनी ताकीद अक्षरशः पाळली. एक शब्द शिकवला नाही. दहावी नापास माणसाने नुसते प्रश्न विचारून आमच्या कितीतरी पोरी एम.एस्सी.पर्यंत पोचवल्या. साहेब तपासायला आले तर नाना सगळ्यांसमोर म्हणायचे, “मी अडाणी मानूस, पोरीसले इचारी ऱ्हायनू.” आणि आम्ही हसू दाबत खाली मान घालून बसायचो.

त्यांचं आणखी एक होतं. आमच्या ब्युरेटच्या काचेच्या तोट्या फुटलेल्या असायच्या आणि नव्या तोट्यांची मागणीपत्रं कार्यालयात कुजत पडायची. नानांनी शेतातला ठिबकचा छोटा कॉक आणला, रबरी नळीने ब्युरेटला जोडला. थेंब इतका नेमका पडायचा की धुळ्याचे सर म्हणाले, नाना, याचं पेटंट घ्या. “सर, केळीले पानी देवाले जे चालस, ते पोरीसले नही चालनार का?” हे नानांचं उत्तर. आज ब्युरेट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो काळा कॉकच येतो. रंग बदलून आम्ल-अल्कली दाखवणारं फिनॉल्फ्थॅलीन संपलं की जास्वंदीच्या पाकळ्या उकळायच्या. प्रयोगशाळेला रसायनांचा आणि जास्वंदीचा मिळून एक वास होता... तो मला नंतर कुठेच सापडला नाही, पुढे शिकले त्या मोठ्या कॉलेजातही नाही.

तिसऱ्या वर्षी मी विद्यार्थी संघटनेत शिरले होते. पत्रक कसं लिहावं ते तिथं शिकले. वाक्य छोटं, शत्रू स्पष्ट, ‘काही’ ऐवजी ‘काहीही’. त्याच वर्षी कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. आठवडाभर रंगरंगोटी झाली. आणि प्राचार्यांच्या हुकमाने नाना जळगावच्या एका कॉलेजातून दोन दिवसांपुरती उपकरणं उसनी घेऊन आले. एसटीने, गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून. नानांचे ठिबकवाले ब्युरेट पोत्यात भरून अडगळीत गेले. माझं डोकं फिरलं. त्या रात्री नाही, तिथल्या तिथे, बाकावर बसून मी पत्रक लिहिलं. मथळा, ‘दोन दिवसांची प्रयोगशाळा!’ उसनी उपकरणं, रिकामी पदं, सगळं आलं. आणि शेवटी, ठळक अक्षरात, ‘या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी काहीही नाही.’ समिती आली त्या सकाळी फाटकावर आणि बसस्टँडवर मी ते स्वतःच्या हाताने वाटलं.

मला वाटलं होतं, प्राचार्य अडचणीत येतील. प्राचार्यांनी समितीला सांगितलं की परिचराने परस्पर हा उपद्व्याप केला. सोमवारी नानांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांनी उन्हात, गाड्या मोजत काढायची होती. आम्ही निवेदन दिलं, धरणं धरलं. पण परीक्षा जवळ आल्या आणि पोरी पांगल्या.

मी नानांकडे गेले. ते फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. “नाना, माझ्यामुळे झालं,” म्हटलं.

“पत्रक वाचं मी. चांगलं लिखेल शे,” ते म्हणाले. “एक वाक्य सोडीसन बठ्ठं खरं शे.”

कोणतं वाक्य, हे मी विचारलं नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं. काहीही नाही, असं मी त्या माणसाच्या तीस वर्षांबद्दल लिहिलं होतं. तिथंच म्हणायला हवं होतं, चुकलं नाना. पण पत्रक मागे घ्यायचं नसतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मान हलवली आणि बस पकडली.

नाना निवृत्त झाले. त्यांचं पद भरलं गेलं नाही. मग नाना पुन्हा प्रयोगशाळेत यायला लागले, रोज, बिनपगारी. नवे प्राचार्य काही बोलले नाहीत. फुकटचा माणूस कुणाला नको असतो? याच्यावर खरं तर मी वेगळा लेख लिहायला हवा.

शेवटची भेट गेल्या जूनमध्ये, धुळ्याच्या बसस्टँडवर झाली. नानांबरोबर त्यांची नात तेजू होती. बारावीला उत्तम मार्क, धुळ्यातल्या नावाजलेल्या कॉलेजच्या यादीत नाव लागलेलं. “मंग तठे घालणार?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं. “नही. आपला कॉलेजमा,” नाना म्हणाले. मी भर स्टँडवर भडकले. “नाना, तुम्हीसुद्धा? पोरगी म्हणून? काय आहे तिथं?”

तेजू फटकन म्हणाली, “ताई, मीच सांगितलं. मला आजोबांकडे शिकायचंय.” आणि नाना हसत म्हणाले, “काय शे तठे, आसं इचारस? तू व्हतीस ना तठे.” त्यांची बस लागली. तेच वाक्य मी दुसऱ्यांदा, त्यांच्या तोंडावर म्हणाले होते, आणि दुसऱ्यांदा गप्प राहिले.

नाना गेल्यावर चौथ्या दिवशी मी सांत्वनाला त्यांच्या दारावर गेले. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, ओट्यावर बसल्या होत्या. मी मनाशी धरून गेले होते की त्या म्हणतील, त्यांच्या मनात काही नव्हतं गं. लोक म्हणतात तसं. मी पाय धरले, पत्रक लिहिणारी मीच, असं सांगितलं. अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “राग व्हता त्यासले,” त्या म्हणाल्या. “लई राग व्हता. दोन वरीस तुन्हं नाव काढू दिन्हं नही घरमा. मंग कोन्ही तुले शिव्या दिन्ह्या ते त्याले म्हणे, पोरगी खरी शे, एक वाक्य चुकनी.” मग म्हणाल्या, “आते ते वाक्य तू पुशी टाक. त्यासले नही आयकू येनार, पन गावले ते येई.”

म्हणून मी गेल्या आठवड्यात पत्रक काढलं. अर्धं पान, माझ्या सहीचं. ‘या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी काहीही नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. इथे नाना होते. त्यांचं रिकामं पद ताबडतोब भरा.’ त्याच फाटकावर, त्याच बसस्टँडवर वाटलं. एका काकांनी उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, “कोणता पक्षानं शे?” एकजण म्हणाला, “चूक कबूल करी ऱ्हायनी ते पक्षानं कसं राही?” तेवढं हसून मी आत गेले. प्राचार्य दालनात नव्हते, किंवा आहेत असं मला कुणी सांगितलं नाही.

तेजू मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणजे सर नव्हते आणि पोरी करत होत्या. स्टुलं कमी, पोरी जास्त, चार-पाच जणी उभ्याने वह्या लिहीत होत्या. बेसिनजवळ मात्र एक स्टूल रिकामं होतं. मी ते ओढायला हात घातला, तेवढ्यात उभ्या असलेल्यांपैकीच एक पोरगी म्हणाली, “ताई, ते नानांचं शे.”

मी हात काढून घेतला. तास संपेपर्यंत त्या पोरींबरोबर उभी राहिले.