खालच्यांचं आधी

"खालच्यांचं झालं का?" कमरेवर रिकामी घागर आणि तोंडात हा प्रश्न. आमच्या गल्लीतल्या काकू तुम्ही कधीही पाहिल्या असत्या तरी अशाच दिसल्या असत्या. घर हौदाला लागून, पण पाणी भरायच्या सगळ्यांत शेवटी. बऱ्हाणपुरात आमच्या भागाची ती रीतच होती. उताराच्या टोकाला विणकरांची गल्ली. तिथल्या बायकांनी आधी भरायचं, हौदाजवळच्यांनी नंतर. कारण सोपं आहे. ज्याच्या हाताशी पाणी, त्याचा हात आवरत नाही.

एकदा काकूंच्या सुनेने मध्येच घागर बुडवली. काकूंनी ती तिथेच हौदात रिकामी केली. "सूनबाई, हौद माहेराहून आणलास का?"

मग छप्पन साली आमच्या राज्यातून नागपूर सुटलं, राजधानी भोपाळ झाली आणि नव्या राज्याचे साहेब पाण्याची सुधारणा करायला आले. हौद बंद, घरोघरी नळ, जोडणी वरच्यांना आधी.

सभेत काकू उठल्या. "साहेब, वरच्यांनी नळ सोडले की खाली काय उतरणार?"

साहेब हसले. "बाई, आपली ताप्ती पुढे मुंबई राज्यात जाते. त्यांना पूछके आपण पाणी प्यायचं का?"

"पूछू नका. त्यांच्यासाठी ठेवून प्या."

टाळ्या काकूंना पडल्या, ठराव साहेबांचा मंजूर झाला. अशा सभा तुम्हीही पाहिल्या असतील. मला अजून आठवलं की डोकं तापतं.

पहिला नळ काकूंच्याच अंगणात लागला. मुलाने त्यांना विचारलंही नव्हतं. "आई, लोकांचं तू किती दिवस बघणार?"

काकूंनी बोचकं बांधलं आणि विणकरांच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली. "आता मीच खालची. आणा म्हणावं पाणी."

उन्हाळा लागला तसा तिथल्या नळांना नुसता वारा येऊ लागला. सूत भिजवायला पाणी नाही, म्हणून माग थांबले. काकू रोज कचेरीत जाऊन बसायच्या. साहेब चहा पाजायचे. पाण्याचं नाव काढत नसत.

त्याच उन्हाळ्यात काकू गेल्या. शेवटच्या आंघोळीला खोलीत पाणी नव्हतं. विणकरांच्या बायकांना घेऊन मी वर, त्यांच्या मुलाच्या नळावर गेले. तो रडत होता.

"लागेल तेवढं घ्या," म्हणाला.

काकूंसाठी दोन हंडे भरले. मागे बाकीच्या बायका आपापले रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्याने डोळे पुसले आणि नळ बंद केला.