नाकारलेला ओळंबा

आमच्या घरात चमत्कार या शब्दाला जागा नव्हती. कुणी अंगारे-धुपारे, साक्षात्कार असलं काही सांगायला लागलं की बाबा हसून म्हणायचे, "आपल्यात नसते ते." आम्ही बौद्ध. रविवारी वारज्यातल्या छोट्या विहारात जायचं, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि सोमवारी आपापल्या कष्टाला लागायचं, एवढाच आमचा धर्म. मी तर तेवढाही मनापासून पाळत नव्हते. म्हणून पुढचं सगळं मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील, हिलाही खूळ लागलं. आता म्हणोत बापडे. यात आकाशवाणी झाली नाही की दिवा आपोआप पेटला नाही. एका परक्या माणसाने माझ्या हातात लोखंडाचा एक तुकडा ठेवला, एवढंच घडलं. पण त्याआधी मी काय करून बसले होते ते सांगितल्याशिवाय त्याचं मोल कळायचं नाही, आणि तेच सांगायला जीभ रेटत नाही.

बाबा गवंडी होते. वऱ्हाडातून पुण्यात येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं. तेव्हा शहराच्या कडेने आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या, आणि त्या काचेआडच्या भिंती बाबांसारख्यांनी रचलेल्या होत्या. मी शहरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात होते, खेळाडू म्हणून प्रवेश मिळालेला. कबड्डीत चढाई करायचे, आणि दमाची पक्की म्हणून माझं नाव होतं. संघातल्या इतर मुलींचे वडील बँकेत, सरकारी नोकरीत, कुणाचे तर वर्षातून दोनदा अमेरिकेला जाऊन येणारे. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं होतं 'कन्स्ट्रक्शन'. खोटं नव्हतं म्हणा! मैत्रिणींनी त्याचा अर्थ बिल्डर असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एका कंपनीने खर्च उचलला आणि आमच्या कॉलेजच्या खेळाडूंची तुकडी तीन आठवड्यांसाठी श्रीलंकेला निघाली. समुद्राच्या त्या मोठ्या लाटेत, त्सुनामीत, किनाऱ्यावरच्या एका गावाची शाळा वाहून गेली होती. तिच्या दोन खोल्या गावकऱ्यांबरोबर उभ्या करायच्या होत्या. बाबांना कोण आनंद! रोज संध्याकाळी घरी आले की सुरू. "पाया किती खोल घेऊन राहिले तिथं? वीट आहे का ब्लॉक?" एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, आम्ही खेळाडू आहोत, मजूर नाही. आम्ही सेवा करायला चाललोय." त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "हो व माय, सेवाच ते." परदेशात जाऊन फुकट भिंत रचली की ती सेवा, आणि वारज्यात पोटासाठी रचली की ती मजुरी, हे शहाणपण मी कुठून शिकले होते कोण जाणे. निघायच्या दिवशी ते कॉलेजपर्यंत सोडायला येतो म्हणाले. मी म्हटलं, नका, कामाचा खाडा होईल. खाड्याचं निमित्त होतं. त्यांच्या नखांतलं सिमेंट कधी निघायचं नाही, आणि ते मला मैत्रिणींना दिसू द्यायचं नव्हतं. बाबांनी मान हलवली आणि डबा घेऊन कामावर गेले.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत माझी पाठीवरची पिशवी अडकली. तिथल्या पोलीस बाईंनी आत हात घालून जुन्या पंच्यात गुंडाळलेली एक वस्तू बाहेर काढली. बाबांचा ओळंबा. पितळेचा, गाजरासारखा निमुळता, दोरीसकट. भिंत सरळ उठते आहे की कलते आहे, हे दोरीला टांगलेल्या त्या वजनावरून कळतं. पुण्यात आल्यावर पहिल्या कमाईतून बाबांनी तो कसबा पेठेतल्या एका कारागिराकडून ओतून घेतला होता. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तो त्यांनी मला न सांगता माझ्या सामानात ठेवला होता. "ये किसका है?" बाईंनी विचारलं. मागे सगळा संघ उभा. आमची कॅप्टन म्हणाली, "अगं, काकूंनी नारळ फोडायला दिलंय की काय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि म्हणाले, "मेरा नहीं है. पता नहीं किसने रखा." बाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि तो कात्र्या-नेलकटरच्या खोक्यात टाकला. ठण्णकन आवाज झाला. विमानात मी खिडकीची जागा मागून घेतली आणि पोचेपर्यंत बाहेर बघत राहिले.

गावात पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांतच आमची हवा गेली. ब्लॉक वाहायला आम्ही वाघिणी, पण रचायला घेतले की भिंत पोट काढायची. तिथे गवंड्याला 'बास' म्हणतात. आमचे बास साठीचे, काळेसावळे, अनवाणी. ते आमचा थर उतरवायचे आणि पुन्हा रचायचे. दुसऱ्या दिवशी मी एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने नजर लावली. नकळतच लावली, लहानपणापासून बाबांना बघत आलेली. बासांनी ते पाहिलं. इतक्या जणींतून ते सरळ माझ्याकडे आले आणि त्यांनी आपला ओळंबा माझ्या तळहातावर ठेवला. लोखंडाचा, खाऱ्या हवेने गंजलेला. त्यांचं घर लाटेने नेलं होतं, घरातली माणसंही. हा तेवढा वाळूत रुतून राहिला होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त त्याचं वजन कळलं. मी दोरी अंगठ्यावर घेतली, वजन सोडलं, झुलायचं थांबेपर्यंत श्वास धरून उभी राहिले. बासांनी माझ्या हाताकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, म्हणजे कुणी शिकवलं? मी म्हणाले, "माझे बाबा. गवंडी आहेत." मराठीत म्हणाले. ज्याला एक अक्षर कळणार नाही अशा माणसापुढे मी पहिल्यांदा खरं बोलले.

रविवारी आमच्याबरोबर आलेल्या मॅडमच्या मोबाइलवरून सगळ्यांना दोन-दोन मिनिटं घरी बोलायला मिळालं. शेजाऱ्यांच्या फोनपाशी बाबा आधीच येऊन बसलेले. पहिला प्रश्न हाच, "ओळंबा कामी आला काय व?" मी म्हटलं, "हो बाबा. रोज वापरते." पलीकडे ते केवढ्यांदा तरी हसले. "पाणी मारजो भिंतीले. सात दिवस तहान लागते तिले." मी हो-हो म्हणून फोन ठेवला. खोक्यात पडलेला तो ओळंबा रात्रभर डोक्यात ठण्ण वाजत राहिला. ठरवलं की घरी गेल्यावर समोर बसून सगळं सांगायचं. ते रागावणार नाहीत याची खात्री होती, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. तोवर भिंतीला पाणी घालायचं काम मी मागून घेतलं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बादली-बादली पाणी घालायचे.

गुरुवारी संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला नेलं. बाबांच्या छातीत कामावरच कळ आली होती, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फोनवर आई म्हणाली, "धावपळ नको करू माय. उद्या सकाळी नेतात त्यायले." तिकीट शनिवारच्या आधीचं मिळत नव्हतं. मला रडू आलं नाही. चढाईला गेल्यावर धरतात तसा दम मी छातीत धरून ठेवला होता. सुटला असता तर पहिलं वाक्य ते विमानतळावरचंच बाहेर पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी पाणी घालायला गेले. दुसरं काय करणार? बादली संपत आली तेव्हा बास आले. बरोबर त्यांची बहीण, हातात पांढरं लुगडं, आणि मागून गावातल्या विहारातले भंते. त्यांच्यामागे आमच्या संघातल्या मुलीही आल्या. बहिणीने ते लुगडं माझ्या अंगाभोवती गुंडाळलं. शाळेच्या अर्ध्या भिंतीपाशी चटई अंथरली, बशीत एक पेला ठेवला, माझ्या हातात लहान झारी दिली. भंते म्हणू लागले, आणि मी दचकून वर पाहिलं. 'नमो तस्स भगवतो.' शब्द तेच होते, चाल निराळी. रविवारच्या रविवारी विहारात बाबांच्या शेजारी बसून, घड्याळाकडे बघत म्हटलेले शब्द. आठ दिवस त्या गावात मला कुणाचं काही कळत नव्हतं, आणि त्या सकाळी अक्षर न् अक्षर माझं होतं. आमच्यातही माणूस गेलं की जलदान करतात. तेच ते होतं. पुण्यात त्याच सुमारास बाबांना उचलत असतील.

मी पेल्यात पाणी ओतू लागले. काठोकाठ भरल्यावर सवयीने हात आवरला, तर बासांच्या बहिणीने माझं मनगट हळूच खाली दाबलं. अजून. पाणी पेल्यावरून बशीत, बशीवरून चटईवर, चटईखालून मातीत गेलं. सांडू द्यायचंच असतं ते. भंतेंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, नद्यांनी समुद्र भरतो, तसं इथे दिलेलं गेलेल्यांपर्यंत पोचतं. पोचतं की नाही, मला माहीत नाही. बाबा म्हणाले असते, आपल्यात नसते ते. पण झारी रिकामी होता होता माझा दम सुटला. मी मोठमोठ्याने रडले, मैत्रिणींदेखत, आणि रडता रडता त्यांना सगळं सांगितलं. बाबा गवंडी होते, तो ओळंबा त्यांचाच होता, मी खोटं बोलले. कॅप्टन शेजारी येऊन मातीतच बसली. "मी हसायला नको होतं गं," एवढंच म्हणाली.

निघताना बासांनी आपला ओळंबा माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझी मूठ मिटली आणि ते कामाकडे वळले. या वेळी तो मी मुद्दाम मोठ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला. कुणीतरी उघडावी, कुणाचा म्हणून विचारावं, असं फार वाटत होतं. उत्तर तोंडपाठ होतं. दोन्ही विमानतळांवर कुणी विचारलं नाही.

विचारलं ते आईने. घरी जमलेली माणसं पांगल्यावर, मी हातपाय धुऊन तिच्यापाशी बसले तेव्हा. "बाबाचा ओळंबा आणला काय व? साऱ्या साइटवर सांगत होते, माझा ओळंबा इमानानं लंकेले गेला म्हणून." मी गंजलेला ओळंबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. हा तो नव्हे, हे तिला लगेच कळलं. मग मी काही लपवलं नाही. 'मेरा नहीं है' हे शब्दसुद्धा जसेच्या तसे सांगितले. मला वाटलं, आता हात उगारेल, आणि उगारला असता तर बरं झालं असतं. ती उठली, दाराच्या चौकटीवर एक खिळा होता त्याला तिने ओळंबा टांगला आणि तो झुलायचा थांबेपर्यंत उभी राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "कोणाचाही असो माय. खोटं तर नाही दाखवत ना तो."

तो अजून त्याच खिळ्याला आहे. त्या अनवाणी माणसाचं ऋण कसं फेडावं मला कळत नाही, आणि त्याला माझ्या हातात नेमकं तेच द्यायची बुद्धी कशी झाली, याचाही शोध मी घेत नाही. शरण जाणं म्हणजे काय, ते मला एवढंच उमगलं आहे: जे आपलं आहे ते चारचौघांत आपलं म्हणावं, आणि जे सांडतं आहे ते सांडू द्यावं. पुढच्या वर्षी आमच्या विहाराची नवी भिंत उठली, तेव्हा सातही दिवस पाणी मी घातलं. वस्तीतली एक नवी बाई कौतुकाने म्हणाली, "छान पाणी मारतेस गं, कुणाची तू?" मी म्हणाले, "गवंड्याची."